धातूंचा काळा रंग : बिदरी बटणांच्या निमित्ताने

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी कुटुंबांना उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा प्रस्तुत लेखकाला प्रथम आठवली ती आमच्या घरातील सहा बटणे.

आमचे घराणे मूळचे उदगीरचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात मोडत असे, व लग्नकार्याची खरेदी म्हटली की जिल्ह्याच्या गावी जाण्याची रीत होती. आजोबांनी आपल्या लग्नाच्या शेरवानीसाठी ही बटणे बिदरहून करवून आणली होती. काळीभोर जमीन आणि तीवर चांदीच्या तारेची नाजूक वेल. पुढे अब्बांनी त्यांच्या लग्नात तीच बटणे लावली, मी माझ्या लग्नात लावली, आणि धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी डबी पुन्हा उघडली, तेव्हा ती मळकट झालेली दिसली.

अम्मीने त्यांना तांब्याच्या हंड्यासारखी चिंच लावली. चांदी थोडी उजळली. पण काळी जमीन पिवळट-करडी पडली. मग मी पुढे सरसावलो. मी पदवीधर, शाळेत रसायनशास्त्र शिकविणारा. चांदीच्या दागिन्यांना काळेपणा देण्यासाठी सराफ बाजारातील कारागीर गंधक आणि पोटॅश यांचे मिश्रण वापरतात, हे मला ठाऊक होते. ते आणून, कोमट पाण्यात विरघळवून, सहाही बटणे मी त्यात सोडली. मिनिटभराने बाहेर काढली, तो वेल नाहीशी झालेली! चांदीची तार काळी झाली होती आणि जी जमीन काळी व्हायला हवी ती करडीच राहिली होती. अम्मी एवढेच म्हणाली, “अरे, तू मुलांना रसायनच शिकवतोस ना?”

लग्न आठ दिवसांवर होते. बटणे घेऊन मी बिदर गाठले. तेथील एका वृद्ध कारागिरांनी ती हातात घेतली, नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाले, “मास्तरसाहेब, तुम्ही औषध खरे दिलेत, पण रोगी दुसराच होता.” त्यांच्या या एका वाक्यात जे शास्त्र आहे, तेच या लेखात उलगडून सांगण्याचा विचार आहे. आपल्यापैकी अनेक घरांत बिदरीची एखादी डबी, बटणे, पदक किंवा कर्णफुले आहेत. आणि काळवलेल्या चांदीचे, तांब्या-पितळेची जोड असलेले हातघडणीचे दागिने तर हल्लीच्या मुलींच्या विशेष आवडीचे आहेत. ही जिन्नस चुकीच्या हाताने बिघडू नये, इतकाच हेतू.

रंग नव्हे, रूपांतर

पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी, की दागिन्यावरील हा काळा रंग वरून फासलेला नसतो. तो त्या धातूचाच पृष्ठभाग असतो. फक्त त्याचे रूपांतर झालेले असते. ही क्रिया आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तांब्याचा हंडा चार दिवस न घासता ठेवला, की त्यावर तपकिरी छटा येते. ते तांब्याचे प्राणवायूशी झालेले संयुग होय. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते. कारण आंबट पदार्थ तांब्याला व जस्ताला खाऊन त्यांचे क्षार बनवितो. चांदीचे निरांजन कपाटात ठेवल्या ठेवल्या काळवंडते. ते हवेतील गंधकयुक्त वायूंचे काम.

तीन भांडी, तीन धातू, आणि तिघांचे वैरी वेगवेगळे. चांदी कोरड्या हवेतील प्राणवायूला फारशी दाद देत नाही, पण गंधकाचा नुसता वास लागला तरी काळी पडते. उकडलेल्या अंड्याला लावलेला चांदीचा चमचा काळा होतो तो याच कारणाने. तांबे गंधकालाही वश होते, आम्लालाही आणि अमोनियालाही. जस्त आम्लाला तत्काळ वश होते. पण गंधकाशी त्याचे जे संयुग होते ते काळे नसून पांढरे असते. सोने शुद्ध असेल तर यांपैकी कोणालाच जुमानत नाही. निसर्ग जे वर्षानुवर्षे सावकाश करतो, ते कारागीर काही क्षणांत आणि हव्या त्या जागी करवितो, एवढाच फरक.

आता माझी चूक कोठे झाली हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. बिदरीची जमीन जस्ताची. गंधकाने ती काळी होणारच नव्हती. काळी होणार होती ती चांदी, आणि नेमकी तीच पांढरी राहायला हवी होती.

गंधकाचे औषध

तरीही गंधक-पोटॅशचे औषध खोटे नव्हे. ते चांदी आणि तांब्याचे आहे. कर्बयुक्त पोटॅश आणि गंधक एकत्र वितळवून ते बनवितात. पिवळट-तपकिरी खडे असतात, आणि हवा व ओलावा लागला की निकामी होतात. म्हणून घट्ट बुचाच्या काळ्या बाटलीत ठेवतात.

दागिना आधी पूर्ण निर्मळ व्हावा लागतो. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर तेवढ्या जागी रंग धरत नाही. रिठ्याच्या पाण्याने, मऊ कुंच्याने घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन, पुढे तो चिमट्यानेच धरावा. पेलाभर कोमट पाण्यात वाटाण्याएवढा खडा पुरतो. पाणी उकळते नको. उकळत्या पाण्यात औषधाचा जोर लवकर सरतो, आणि घाईने बसलेला जाड थर पोपडे होऊन सुटतो. दागिना क्षणभर बुडवावा, काढावा, थंड पाण्यात धुवावा, पाहावा, पुन्हा बुडवावा. हवा तो रंग आला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात घालून क्रिया थांबवावी.

या बुडविण्या-काढण्यात एक मौज दिसते. चांदी एकदम काळी होत नाही. आधी सोनेरी, मग तांबूस, जांभळी, निळी आणि शेवटी करडी-काळी होते. हे निरनिराळे रंग नव्हेत. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जसे इंद्रधनुष्य दिसते, तसाच हा प्रकाशाचा खेळ आहे. थर जसजसा जाड होतो, तसतसा रंग बदलतो. म्हणूनच मधल्या निळ्या-जांभळ्या छटा टिकाऊ नसतात. थर वाढला किंवा झिजला की त्या पालटतात. काळा मात्र टिकतो.

दागिन्यात चांदीबरोबर तांब्याची व पितळेची जोड असेल, तर तिन्ही धातू एकाच पाण्यात वेगवेगळ्या चालीने चालतात. तांबे पाहता पाहता गडद होते, चांदी मागून येते, पितळ बराच वेळ बसूनच राहते, आणि २२ कॅरटच्या सोन्याचे कोंदण जवळजवळ तसेच राहते. नवशिका येथे फसतो. पितळ काळे होईना म्हणून दागिना तसाच पाण्यात ठेवतो आणि तांब्यावर जाड, ठिसूळ थर चढवून बसतो. जाणता कारागीर या असमानतेलाच कामाला लावतो. तांबे गडद, चांदी करडी, पितळ पिवळे, अशी तीन छटांची वीण तो एका बुडीत साधतो. नंतर उंचवट्यांवरून बारीक भुकटीने हात फिरविला, की उंच भाग पांढरे होतात, खोलगट भागांत काळेपणा राहतो, आणि नक्षी उठून दिसते. बाजारात ज्याला ‘ऑक्सिडाइज्ड’ चांदी म्हणतात ती हीच. नाव प्राणवायूचे असले, तरी काम गंधकाचे आहे.

मोती, पोवळे, पिरोजा ही रत्ने या पाण्यात कदापि घालू नयेत. ती सच्छिद्र असल्याने डागाळतात. खडे बसविण्यापूर्वीच रंग द्यावा. उलट डाग देण्याचे काम मात्र रंगाच्या आधी संपवावे. कारण डाक लावताना लागणाऱ्या आचेने हा थर नाहीसा होतो.

एक इशारा वडीलकीच्या नात्याने देतो. या औषधाशी आम्लाचा संबंध येऊ देऊ नये. लिंबू, व्हिनेगर, तेजाब यांपैकी काहीही त्यात पडले, तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. त्याचा आणखी धोका असा, की प्रमाण वाढले म्हणजे नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. काम उघड्या जागी, मुलांपासून दूर करावे, आणि त्यासाठी वापरलेला पेला पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

बिदरीचे औषध

आता बिदरीकडे वळू. मूळ धातू जस्त व तांबे यांचा. १६ भाग जस्तास १ भाग तांबे असे प्रमाण साधारणपणे सांगितले जाते. जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते, तांब्याला १,०८५ अंश लागतात; म्हणून हा मिश्र धातू जस्तासारखाच सहज ओतता येतो. मातीत एरंडेल आणि राळ मिसळून साचा करतात. ओतलेली वस्तू कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग तीवर मोरचुदाचे पाणी फिरवितात.

हे मोरचुदाचे पाणी म्हणजे आमच्या दहावीच्या वर्गातला प्रयोगच. जस्ताची पट्टी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात धरली, की जस्त विरघळू लागते, आणि त्याच्या जागी द्रावणातले तांबे गडद थराच्या रूपाने पट्टीवर येऊन बसते. बिदरीच्या कारागिराला हा काळसर थर फळ्यासारखा उपयोगी पडतो. त्यावर पोलादी टोकाने काढलेली नक्षी पांढरी उमटते. मग ती रेघ छिन्नीने खोदतात आणि खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. पुढे घासून पुसून सारे साफ करतात. त्या वेळी मोरचुदाचा थर निघून जातो आणि पांढऱ्या जस्तात पांढरी चांदी अशी अवस्था येते. या घडीला वेल जवळपास दिसतच नाही.

शेवटची क्रिया हीच खरी बिदरी. बिदरच्या जुन्या किल्ल्यातील, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती आणतात. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. त्या मातीत सोऱ्यासारखे क्षार असतात. ती नवसागराबरोबर पाण्यात कालवतात आणि बेताने तापविलेल्या वस्तूवर तो लेप चोळतात, किंवा त्या गरम पाण्यात वस्तू फिरवितात. क्षणांत जमीन काळी पडते. चांदी जशीच्या तशी राहते. धुऊन पुसून तेलाचा हात फिरविला, की काळा रंग मखमलीसारखा खोल होतो.

या क्रियेत चांदीला स्पर्शही का होत नाही? कारण लेपातील क्षारांचा रोख जस्तावर असतो. ते पृष्ठभागावरचे जस्त खाऊन नेतात. तेथील थोडे तांबे मागे उरते, आणि काळ्या थरात त्याचाच वाटा मोठा असतो. निव्वळ जस्ताच्या वस्तूवर असा काळा रंग उठत नाही. सोळात एक भाग घातलेले ते तांबे ओतण्याच्या वेळी बिनमहत्त्वाचे वाटते. पण सगळ्या कामाची शोभा त्यानेच येते. चांदी मात्र एवढ्या सौम्य क्षारांना भीत नाही, आणि गंधक तर लेपात नसतेच. वृद्ध कारागिरांनी शाळेत रसायन शिकले नव्हते; पण कोणते औषध कोणाला लागू पडते हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. मला ते पुस्तकातून ठाऊक होते, आणि ऐन वेळी मी विसरलो.

आमच्या बटणांवर त्यांनी आधी बारीक भुकटीने माझे गंधक उतरविले. चांदी पांढरी झाली. मग लेप केला. माझ्या डोळ्यांदेखत एकेक बटण काळे होत गेले आणि वेल जणू आतून वर आली. त्यांचा नातू शेजारी बसून हे पाहत होता. त्याने हा धंदा शिकावा का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “शिकावा, पण शाळा सोडून नव्हे.” जस्त ओतताना धुराने ताप भरतो, डोळे लवकर दमतात, आणि तासन्‌तास छिन्नी चालवून हाती पडणारा मोबदला बेताचाच, हेही त्यांनी सांगितले.

या कलेचा सरकारदरबारी सन्मान झालेला आहे. बिदरीच्या कामाला २००६ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जुन्या बिदरीचे उत्तम नमुने आहेत. मुलांना घेऊन जाऊन ते अवश्य दाखवावेत. पण संग्रहालयातील सुरई टिकली म्हणजे कला टिकली असे नव्हे. गिऱ्हाइकाला खरा माल ओळखता आला पाहिजे आणि घरात आलेली वस्तू सांभाळता आली पाहिजे. तरच कारागिराच्या श्रमाला किंमत राहते.

ओळख व निगा

खरी बिदरी हाताला जड व थंड लागते. काही नकली वस्तूंवर काळा रंग फासलेला असतो. नखांचा रंग उतरविण्याचे द्रव कापसावर घेऊन वस्तूच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी हलकेच पुसून पाहावे. फासलेला रंग कापसावर उतरतो. खरा काळा रंग उतरत नाही. मुरलेले तेल थोडे निघाले, तर त्यावर पुन्हा तेलाचा हात फिरवावा.

बिदरीला चिंच, लिंबू, राख, भांडी घासण्याची भुकटी आणि चांदी उजळण्याचे तयार द्रव यांपैकी काहीही लावू नये. आम्ल जस्ताला खाते आणि भुकटी थर खरवडते. मऊ कोरड्या कापडाने पुसावे. जमीन फिकट वाटली तर खोबरेल तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन चोळावा आणि जास्तीचे तेल टिपून घ्यावे. चांदीची तार फारच काळवंडली, किंवा जमीन करडी पडली, तर स्वतः प्रयोग न करता वस्तू कारागिराकडे न्यावी. पुन्हा काळे करणे हे त्याच्या नित्याच्या कामांपैकी आहे.

काळवलेल्या चांदीच्या दागिन्यांनाही चांदी उजळण्याच्या द्रवात घालू नये; खोलगट भागातील मुद्दाम ठेवलेला काळेपणा त्यात धुऊन जातो आणि नक्षी आंधळी होते. अत्तर आधी लावावे, दागिना नंतर घालावा. घाम आला तर दागिना उतरविताना पुसून ठेवावा. चांदीचा कोणताही जिन्नस रबराच्या पट्टीने बांधून ठेवू नये. रबरात गंधक असते, आणि पट्टीच्या जागी काळी रेघ उमटते. स्वच्छ मलमलीत गुंडाळून, प्रत्येक जिन्नस वेगळा ठेवणे उत्तम. निरनिराळे धातू ओलसर जागी एकमेकांना चिकटून राहिले, तर त्यांतील दुबळा धातू आधी झिजतो. बिदरीत तो दुबळा धातू म्हणजे जस्त होय.

या साऱ्या नियमांचे सार एकच आहे. उजळण्याच्या किंवा काळे करण्याच्या आधी, आपल्या हातात कोणता धातू आहे हे विचारावे. एका धातूचे औषध दुसऱ्याचे विष ठरते.

भावाच्या लग्नात बटणे वेळेवर पोहोचली. सहापैकी एका बटणावर, अगदी कडेला, माझ्या गंधकाची एक बारीक काळी रेघ चांदीत अजून राहिली आहे. कारागीर ती काढणार होते. मीच राहू द्या म्हणालो. दरवर्षी दहावीच्या वर्गात धातूंचा धडा आला, की ते एक बटण मी खिशातून नेतो आणि मुलांना विचारतो, “ही रेघ कोणत्या धातूवर आहे, आणि कशाने आली?” जो बरोबर उत्तर देतो, त्याला मी बटणाची पूर्ण हकीकत सांगतो, आपल्या मास्तरांची चूक ऐकून वर्ग हसतो, आणि तो धडा सहसा कोणी विसरत नाही.